खेळ आणि पोटपाणी (लेखांक ६) : रग्बीत मुलींना काय मिळतं?

रग्बी खेळून घर चालवणाऱ्या बायका जगात आहेत. इंग्लंडने जानेवारी २०१९ पासून आपल्या २८ खेळाडूंना पूर्णवेळ करार दिले. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ट्विकनहॅमवर ८१,८८५ प्रेक्षक होते. आपल्याकडचं गणित निराळं आहे आणि जालन्यातल्या पालकांना ते आधीच सांगितलेलं बरं: इथे नुसत्या रग्बीवर मुलीचा महिन्याचा किराणा भरत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली, पण पुरुषांची.

मग खेळणाऱ्या जगतात कशावर? पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये सिंगापूरला भारतीय महिला पंधरा-पंधरा खेळाडूंच्या प्रकारातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या, तेव्हा कर्णधार त्याच होत्या. व्यवसायाने त्या फिजिओथेरपिस्ट. पुढच्याच वर्षी मनिलात भारताने सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरांच्या खेळातला हा आपल्या मुलींचा पहिला विजय, आणि तो ओडिशाच्या सुमित्रा नायकने मारलेल्या पेनल्टीवर मिळाला. पेनल्टीचे गुण तीन, ट्रायचे (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवल्याचे) पाच.

जालन्यातली मुलगी या खेळात अगदीच कोरी येत नाही. कबड्डीत चढाईवाली अंगावर आली की पाय रोवून कंबर धरायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. रग्बीत मात्र काही सवयी मोडाव्या लागतात. डोकं समोरचीच्या पुढे न्यायचं नाही, नाहीतर तिचा गुडघा थेट कपाळात बसतो. ते तिच्या मागच्या बाजूला ठेवून गाल मांडीला चिकटवायचा. दोन्ही हातांनी कवळ घालायची. खांद्याच्या वर हात गेला की दंड. आणि ती खाली पडली रे पडली की सोडायचं! कबड्डीवाल्या मुलीला हेच सगळ्यात जड जातं, कारण तिला आजवर धरून ठेवायलाच शिकवलेलं असतं.

सुरुवात बहुधा सात-सात खेळाडूंच्या प्रकारात होते. सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात आणि मैदान मात्र पूर्ण मोठं, त्यामुळे दम लागतो तो भलताच. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत खेळलेल्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या कल्याणी पाटील आणि वैष्णवी पाटील होत्या.

राहिला पैशाचा रस्ता. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि माझ्या मते जिल्ह्यातल्या मुलीसाठी या खेळातली खरी मिळकत तीच. कोणत्या स्पर्धेतला कोणता क्रमांक कोणत्या पदाला चालतो, हे शासन निर्णयात वाचून घ्यावं. तालुक्याच्या सामन्यातला करंडक तिथे कामाचा नाही. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे, म्हणजे जालनेकरांसाठी छत्रपती संभाजीनगरला होते. पडताळणीसाठी भरतीची जाहिरात निघेपर्यंत थांबू नये.