खाऱ्या पाण्यावर जगणारी हरळी

कपाशीत हरळी शिरली की शेतकरी मेटाकुटीला येतो. वखराने तोडावी तर पेरापेराला मुळे फुटून तुकड्यागणिक नवे रोप उभे राहते. पण अंगणात हिरवळ हवी असेल तर संग्रामपूरसारख्या ठिकाणी याच गवताला हाक मारावी. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच.

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णेचे खोरे असलेल्या या तालुक्यातली बरीच गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. बोअरचे पाणी खारे, जमीन काळी आणि चिकण. नाजूक विलायती गवत इथे करपते. हरळीच्या पात्यांवर मात्र साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. मुळांवाटे आलेले जादा मीठ त्या पात्याबाहेर टाकतात. गवताच्या अंगी एवढी सोय असावी, हे खरोखर थक्क करणारे आहे.

एवढे चिवट गवतही चुकीच्या पाण्याने मरते. रोज संध्याकाळी नळीने वरवर शिंपडले की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि मातीवर पांढरा थर धरतो. मुळेही वरच घुटमळतात. म्हणून पाणी क्वचित द्यावे, पण खोल मुरेल इतके द्यावे, तेही पहाटे. काळ्या मातीत ते सावकाश जिरते; साचू लागले की थांबावे आणि तासाभराने पुन्हा सोडावे. वेळ कधी झाली, हे गवतच सांगते. त्यावरून चालून मागे वळून पाहा. दबलेली पाती लगेच उठली तर आज पाणी नको. पावलांचे ठसे तसेच राहिले तर द्या. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीची छिद्रे बुजतात. तिथे माती तपासून पावसाळ्याआधी जिप्सम मिसळावे. सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो.

हिरवळ कापण्याचे यंत्र इंग्लंडच्या एडविन बडिंगने 1830 मध्ये काढले. कापडावरची लव छाटणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ते सुचले. यंत्र कोणतेही असो, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. चार सेंटिमीटर हिरवळ ठेवायची तर ती सहावर गेली की कापावी. पाते हे गवताचे अन्न शिजवणारे अंग. ते फार तोडले की मुळांची वाढ थांबते. उन्हाळ्यात थोडी उंच ठेवावी, म्हणजे मातीवर सावली राहते. धार बोथट असेल तर शेंडे फाटून पांढरे पडतात. कापलेला बारीक चुरा तिथेच राहू द्यावा, त्यातले नत्र मातीला परत मिळते. थंडीत हरळी मंदावते आणि फिकट दिसते. तेव्हा पाणी वाढवू नये.

वान धरणातून नळाला येणारे पिण्याचे पाणी हिरवळीवर ओतणे मला मुळीच पटत नाही. दहा फूट बाय दहा फूट तुकड्याला एकदा 25 मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे 230 लिटर लागते. तेव्हा तुकडा लहान ठेवा, आणि लावण्याआधी बोअरचे पाणी तपासून घ्या.