सरड्याची अंगलट

मुलांनो, मेहकरला पैनगंगेच्या काठी कुंपणावर मान डोलावीत बसलेला सरडा तुम्ही पाहिला असेल. नदीकाठच्या झाडीतील सरडे आणि उघड्या माळावरील सरडे यांच्या अंगलटीत काही भेद आहे काय, असे कोणी विचारले तर तुम्ही निर्णय कसा कराल? नुसत्या पाहण्याने डोळा फसतो. मोठा सरडा जड असणारच. तेवढ्यावरून तो पुष्ट ठरत नाही.

यासाठी प्राणिशास्त्रज्ञ दोन मापे घेतात. पहिले लांबीचे, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. शेपटी तुटलेली असू शकते, म्हणून ती हिशेबात धरीत नाहीत. दुसरे माप वजनाचे. पुष्कळ सरडे मोजले म्हणजे अमुक लांबीच्या सरड्याचे वजन साधारण किती असते, हे कळते. मग एखाद्याचे वजन त्याहून अधिक भरते की उणे, एवढेच पाहावयाचे.

असे मोजमाप आपल्याच राज्यात, पण मेहकरपासून फार दूर, सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर झाले. तेथे काही भागात वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. काही भाग मोकळा आहे. या पठारावरील एका जातीच्या सरड्याचा नर गळ्याखाली निळ्या, काळ्या व नारिंगी रंगांचा सुंदर पंखा उघडतो. २०१६ साली या जातीला शास्त्रीय नाव मिळाले, तेव्हा त्यात आपला मराठी शब्दच घेतला गेला : ‘सरडा सुपर्बा’.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दोन्ही भागांतील सरडे तपासले व २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्यांजवळ कापशी घारीसारखे शिकारी पक्षी थोडे होते. मोकळ्या भागात त्याच्या सुमारे चौपट. शत्रू नाहीत, तेव्हा सरड्यांची चंगळच, असे आपल्याला वाटेल. खरोखरच तेथे सरड्यांची संख्या अधिक होती, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नसत. काट्यावर मात्र निराळेच दिसून आले. तेवढ्याच लांबीचा सरडा पवनचक्क्यांजवळ हलका भरला. निर्भय झालेला सरडा रोडावला होता! संशोधकांच्या मते, दाटी वाढल्यामुळे खाणारी तोंडे वाढली आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारे किडे कमी झाले. नरांच्या गळ्यावरील ते सुंदर रंगही तेथे फिके पडले होते.