अनामिक चित्रकाराच्या चित्राची पारख

घरातील जुन्या पेटीत किंवा वाटणीत आलेल्या सामानात कधी कधी एखादे जुने चित्र सापडते. त्यावर चित्रकाराचे नाव नसते आणि ते कोणी काढले हे सांगू शकणारी पिढीही हयात नसते. अशा वेळी घरातील माणसे बहुधा दोन टोकांना जातात. एक तर चित्र लाखमोलाचे आहे असे गृहीत धरले जाते, नाही तर नाव नाही म्हणून ते कवडीमोल समजून जुन्या बाजाराची वाट धरते. यांतील दुसरी चूक अधिक घातक होय, कारण ती दुरुस्त करता येत नाही.

भारतीय चित्रकलेपुरते बोलावयाचे तर चित्रावर नाव नसणे हा दोष नव्हे. बहुतेक चित्रांची ती सर्वसाधारण अवस्था आहे. मोगल दरबारात चित्राच्या समासात चित्रकाराचे नाव लिहून ठेवण्याची पद्धत काही काळ होती. परंतु राजस्थानातील आणि हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या पहाडी संस्थानांतील हजारो चित्रांवर कोणाचेच नाव आढळत नाही. या पहाडी चित्रांची ओळख दीर्घकाळ बसोली, गुलेर, कांगडा अशा संस्थानांच्या नावांनीच होत असे. चित्रकारांपैकी मोजकीच नावे ज्ञात होती आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे कोणास ठाऊक नव्हते.

हा प्रश्न कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी वेगळ्याच बाजूने हाताळला. हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील पंडे आपल्या यजमानांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत नोंदवून ठेवतात. अस्थिविसर्जनासाठी वा यात्रेसाठी आलेला चित्रकारही इतर यात्रेकरूंप्रमाणेच आपले नाव, गाव, जात आणि वाडवडिलांची नावे तेथे सांगत असे. या वह्या धुंडाळल्यावर गुलेरच्या पंडित सेऊ याचे घराणे, त्याचे माणकू व नैनसुख हे दोन पुत्र आणि त्यांच्या पुढील पिढ्या उजेडात आल्या. नैनसुखाने तर १७६३ मध्ये हरिद्वारच्या वहीत स्वहस्ते नोंद करून तेथेच एक रेखाचित्रही काढून ठेवले आहे. चित्रशैलीचा आधार संस्थान नसून चित्रकारांचे कुटुंब होय, हा गोस्वामी यांचा सिद्धान्त मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज नैनसुखाची गणना भारताच्या श्रेष्ठ चित्रकारांत होते. ज्या चित्रांवर त्याचे नाव नाही अशी कित्येक चित्रे त्याची मानली जातात, ती केवळ रेषेच्या व मांडणीच्या साम्यावरून.

तेव्हा चित्र हाती आल्यावर प्रथम ते उलटून पाहावे. पाठीमागे टाकरी, नागरी किंवा फारसी लिपीतील एखादी ओळ, संग्रहाचा क्रमांक, शिक्का, निरीक्षणाची तारीख असू शकते. बिकानेरच्या चित्रांच्या पाठीवर चित्रकाराचे नाव आणि तारीख पुष्कळदा आढळते. दुर्दैवाने चौकट करणारे कारागीर चित्र खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून टाकतात आणि अभ्यासकाच्या दृष्टीने चित्राची अर्धी किंमत तेथेच बुजून जाते.

कागदही बोलतो. पारंपरिक लघुचित्राचा कागद अनेक पदर एकावर एक चिकटवून, अकीकाने घोटून गुळगुळीत केलेला असतो. त्यास वसली म्हणतात. कंपनी सरकारच्या काळातील चित्रे मात्र पुष्कळदा विलायती कागदावर असतात. असा कागद उजेडासमोर धरला असता गिरणीचे जलचिन्ह दिसते. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर एलिजा इम्पे यांच्या पत्नी लेडी मेरी इम्पे यांनी १७७७ ते १७८२ या काळात पाटण्याहून आलेल्या शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून पशुपक्ष्यांची जी चित्रे काढून घेतली, ती अशाच कागदावर आहेत. कंपनी शैलीची चित्रे दीर्घकाळ दुय्यम दर्जाची मानली गेली. २०१९ मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात ती त्यांच्या चित्रकारांच्या नावानिशी मांडली गेली.

जलचिन्हातील वर्षावरून चित्र त्याआधीचे नाही, इतकेच सिद्ध होते. ते किती नंतरचे, हे कळत नाही. रंगांचेही तसेच आहे. प्रशियन निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झाला. टिटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमारास बाजारात आला. सतराव्या शतकातील म्हणून दाखविलेल्या चित्रात हा पांढरा रंग सर्वत्र आढळला तर दावा कोसळतो. तो एकाच कोपऱ्यात आढळला तर मात्र मागाहून केलेली डागडुजी असण्याचा संभव अधिक.

केवळ कागद जुना आहे यावर विसंबणे धोक्याचे. राजस्थानच्या बाजारांत जुन्या हस्तलिखितांच्या आणि दस्तऐवजांच्या कोऱ्या जागेवर आजकाल काढलेली चित्रे सर्रास विकली जातात. कागद खरोखरच शंभर वर्षांचा, अक्षरेही खरी, चित्र तेवढे नवे. अशा वेळी मजकूर वाचवून घ्यावा. जमीनमहसुलाच्या हिशेबाखाली हत्तीवर स्वार झालेला राजपुत्र असेल, तर अधिक चौकशीची गरज नाही.

चित्र मुळात हाताने काढलेले आहे की छापलेले, हेही पाहावयास हवे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला छापखाना देवादिकांच्या ओलिओग्राफांनी घरोघर पोहोचला. ही चित्रे तैलरंगासारखी दिसावीत म्हणून काहींवर कापडाचा पोत उठविलेला असून व्हार्निशही असते. भिंगाखाली मात्र त्यांत रंगाचे बारीक ठिपके दिसतात. अशा छापील चित्रांनाही आज संग्राहक आहेत, परंतु मूळ तैलचित्राशी त्यांच्या किमतीची तुलना होऊ शकत नाही.

यांपैकी काहीही करण्यापूर्वी चित्र ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. लघुचित्राचे रंग डिंकात कालविलेले असतात व पाण्याने सुटतात. स्वच्छ करण्याच्या हौसेने नष्ट झालेली चित्रे कसरीने खाल्लेल्या चित्रांहून कमी नसावीत.

परदेशातील लिलावाचे आकडे वाचून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने चित्र ही पुरावस्तू ठरते. तिची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. संग्रहालयातील जाणकार बहुधा चित्राचा काळ आणि शैली यांविषयी मत देतात, किंमत सांगत नाहीत. त्यांच्याकडे जाताना दोन्ही बाजूंची छायाचित्रे, लांबी-रुंदी आणि चित्र घरात कोठून आले याविषयीची आठवण, ती कितीही अस्पष्ट असो, लिहून न्यावी.

समासातील एखादा आकडाही सोबत टिपून घ्यावा. रामायण, भागवत, गीतगोविंद यांच्या चित्रमालिका व्यापाऱ्यांनी पान पान सुटे करून विकल्या असून त्यांतील पाने देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. आकार, किनार आणि क्रमांक जुळला, तर पेटीतले एकुलते पान अशा एखाद्या मालिकेतील हरवलेला प्रसंग ठरू शकते.