आवाज डिफरन्शियलचाच आहे का? मानपूरच्या घाटातल्या एका जुन्या फोर-व्हील पिकअपची तपासणी

आपल्या मंडळात किल्ले, बारव, मोडी कागद यांवर बरंच लिहून झालंय. जुन्या गाड्यांवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर कुठल्या महाराजांकडे कुठली मोटार होती एवढंच. पण महू-मानपूरच्या पट्ट्यात जीपच्या घराण्यातल्या जुन्या फोर-व्हील गाड्या शेतावर अजून कामाला आहेत, आणि त्या झपाट्यानं संपताहेत. अपघातानं नव्हे. त्या संपतात त्या एका वाक्यानं: "साहब, डिफरन्शियल गया." मग भंगारातून भलत्याच गाडीचा अॅक्सल येतो, मूळचा अॅक्सल किलोच्या भावानं जातो, आणि राहते ती नुसती पत्र्याची जुनी गाडी.

म्हणून हा लेख. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात गिअरच्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत. इतिहासाकडे उशिरा वळलो. दोन्हींचा एकत्र उपयोग होईल असा विषय क्वचित मिळतो.

आधी जागेबद्दल थोडं. मानपूर हे माळव्याच्या पठाराचं दार. आग्रा-मुंबई रस्ता इथून विंध्य उतरून गुजरीकडे, निमाडात जातो. दक्षिणेतून माळव्यात यायचं तर विंध्याचा कुठला ना कुठला घाट चढावाच लागे. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडून अशीच वर आली आणि अमझेऱ्याला लढाई झाली. पुढे मानपूरचा परगणा शिंद्यांकडे होता, आणि १८६० च्या करारानं तो थेट इंग्रजांकडे गेला. होळकर-शिंद्यांच्या मुलखाच्या मधोमध एवढासा इंग्रजी तुकडा! आज या उतारावरच्या गणपती घाटाचं नाव काढलं की इकडचा माणूस आधी ब्रेक फेल झालेल्या ट्रकांबद्दलच बोलतो.

गाडीच्या दृष्टीनं घाट म्हणजे फुकटची प्रयोगशाळा. चढताना इंजिन चाकांना ढकलतं, उतरताना चाकं इंजिनला ढकलतात. गिअरच्या दात्याला दोन बाजू असतात. चढावर एक बाजू भार घेते, उतारावर दुसरी. सपाट रस्त्यावर जे समजायला तासभर लागतो ते घाटात दहा मिनिटांत कळतं.

डिफरन्शियल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक घासत जाणार. पेक्वर नावाच्या फ्रेंच यंत्रज्ञानं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली: मधे छोटे गिअर घालून दोन्ही चाकांना आपापल्या वेगानं फिरू द्यायचं. जीपमध्ये हे छोटे गिअर एका मोठ्या दातेरी चाकाबरोबर, म्हणजे क्राउनबरोबर फिरतात, आणि क्राउनला फिरवतो तो पिनियन. ही क्राउन-पिनियनची जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला असतो. एकाला काढून दुसरा बसवता येत नाही. जोडी फुटली की फुटली.

आता आवाज. ज्या गाडीबद्दल सांगतोय ती मानपूरजवळच्या एका शेतकऱ्याची. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या वंशातली ही पुढची पिकअप. मागे लाकडी फळ्यांचा हौदा, पुढे-मागे जुन्या पद्धतीचे अॅक्सल. तक्रार अशी की घाटात मागून "हूंऽऽ" असा आवाज येतो. मिस्त्रीनं निकाल दिलेला होता, दुसऱ्या अॅक्सलचा सौदाही ठरत आला होता.

मी मालकांना म्हटलं, "दादा, चार दिवस थांबा. आधी आवाज कुठला ते ठरवू."

पहिला प्रश्न नेहमी एकच: आवाज पायाला ऐकतो की चाकाला? म्हणजे वेग तोच ठेवून अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलतो का? अजिबात बदलत नसेल तर डिफरन्शियलवर संशय घेण्याआधी टायर बघा. शेतातले जाड नक्षीचे टायर डांबरावर इतके घुमतात की चांगले चांगले फसतात. डांबर सोडून मातीच्या रस्त्यावर जा. आवाज गेला तर तो टायरचा. गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवली आणि एका बाजूला आवाज वाढला तर चाकाचं बेअरिंग. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकावर येतो, एवढं लक्षात ठेवलं की बाजूही कळते. फक्त वळणावरच कटकट होत असेल तर आतले छोटे गिअर. पहिल्यातून रिव्हर्समध्ये टाकताना "टक्" झालं तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहावेत. क्रॉस डिफरन्शियलच्या मानानं अगदी स्वस्त वस्तू आहे, आणि बदनामी मात्र डिफरन्शियलची होते.

फोर-व्हील गाडीत आणखी दोन चकवे आहेत. एक, ट्रान्सफर केस. जुन्या जीपमध्ये ताकद हाय रेंजमध्येसुद्धा गिअरांतून जाते, त्यामुळे ती केस निरोगी असतानाही गुणगुणते. दोन, पुढचा अॅक्सल. चाकं सोडवणारे हब बसवलेले नसतील तर गाडी टू-व्हीलमध्ये असतानाही पुढचं डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतात. म्हणजे "टू-व्हीलमध्ये आवाज येतो, तेव्हा मागचाच अॅक्सल" हा तर्क चुकीचा. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून चाचणी घेऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन सगळे भाग ताणले जातात आणि नसलेला आवाज तयार होतो. ही चाचणी मोकळ्या मातीत घ्यायची. आपल्या काळ्या रानात पाऊस पडून चार दिवस झाले की उत्तम!

इथे माझा आवडता हिशोब. विलीज सीजे-३बीचा पिनियन ८ दात्यांचा, क्राउन ४३ चा. खडूनं जमिनीवर खूण करून चाकाचा एक फेरा मोजला तर ६.००-१६ टायर साधारण सव्वादोन मीटर जातो. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला ४.९ फेरे घेतं. गुणिले ४३ दाते, म्हणजे सेकंदाला सुमारे २१२ कंपनं. पेटीवर शोधायचं तर मधल्या सप्तकाच्या खाली, काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधे कुठेतरी. प्रोपेलर शाफ्ट तेव्हा सेकंदाला साडेसव्वीस फेरे घेतो. त्याचा दोष कानाला कमी आणि सीटला जास्त कळतो. ट्रान्सफर केसचे गिअर दर फेऱ्याला पंचवीसहून जास्त दाते ओढतात, म्हणून त्यांचा सूर साडेसहाशेच्या वर, बारीक. वेग तोच असताना जाड सूर आणि बारीक सूर यांतला फरक ज्याला कळतो त्याला निम्मं निदान झालं. देवास-इंदूरच्या माणसाला सूर ओळखायला शिकवावं लागू नये.

मोबाइलवर ध्वनीची कंपनं दाखवणारी साधी अॅप मिळतात. वेग जीपीएसवर घ्यायचा, जुन्या गाडीच्या मीटरवर नको. आम्ही नोंद घेतली तर सूर २१० च्या आसपास भरला. युद्धकाळातल्या विलीज एमबी जीपसारखा ३९ दात्यांचा क्राउन असता तर १९३ आला असता. म्हणजे हाउसिंग न उघडता दोन गोष्टी कळल्या: बोलतंय ते क्राउन-पिनियनच, आणि जोडी ४३:८ ची आहे. पडताळाही सोपा. मागचं एक चाक जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड, दुसरं चाक उचलून गाडी स्टँडवर. उचललेल्या चाकाचे दोन फेरे करा आणि शाफ्टचे मोजा. पाच आणि एका तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त आले. नुसत्या जॅकवर हे कुणी करू नये, स्टँड हवाच.

आता तो आवाज कधी येतो ते पाहायचं होतं. मुख्य घाटात ट्रकांच्या मधे असले प्रयोग करणं म्हणजे वेडेपणा, म्हणून पहाटे जानापावच्या रस्त्यावर गेलो. चढताना जवळजवळ शांत. उतरताना, दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की "हूंऽऽ" सुरू. पुन्हा हलकेच ताकद दिली की बंद. फक्त उतारावर येणारा आवाज. अशा वेळी माझा पहिला संशय पिनियनच्या बेअरिंगवर जातो. बेअरिंग सैल झालं की भाराची दिशा उलटताच पिनियन आपल्या जागेवरून सरकतो आणि दाते भलत्या ठिकाणी भिडतात.

हा आवाज सहन करत गाडी चालवायची नसते. नुसतं भुणभुणणं असतं तर मीच म्हटलं असतं की रेडिओ लावा. पण सैल पिनियन एक दिवस दाते फोडतो, आणि दात्याचा तुकडा मधे अडकून मागची चाकं जाम झाली तर घाटात काय होईल ते सांगायला नको. मालकांचा मुलगा हीच गाडी घेऊन रोज निमाडात उतरतो.

गाडी उभी करून पिनियनचा फ्लँज हातात धरला आणि पुढे-मागे ओढला. इथे बरेच जण दोन हालचालींची गल्लत करतात. फ्लँज गोल दिशेनं किंचित हलणारच, दात्यांमधली ती मोकळीक हवीच असते. पुढे-मागे मात्र तो केसभरही हलता कामा नये. इथे हलत होता, आणि सीलमधून तेलही झिरपलेलं होतं. तेल काढलं तर चुंबकावर करड्या लोण्यासारखा थर होता, तो चालतो. पण त्यात चमकत्या कपच्याही होत्या, त्या चालत नाहीत.

मिस्त्री म्हणाला, "नट कस देते हैं।" या जातीच्या अॅक्सलमध्ये पिनियन-बेअरिंगचा ताण पातळ शिम्सनी ठरतो. नट कितीही आवळला तरी झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही. उघडावंच लागलं. पण उघडण्याआधी डायल गेजनं दात्यांमधली मोकळीक मोजून लिहून ठेवली: ०.२२ मिलिमीटर. साधारण ०.१३ ते ०.२५ चालते. शिवाय दात्यांना रंग लावून भिडण्याची खूण पाहिली, फोटो घेतले. बाहेरच्या बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडलेले होते. क्राउन-पिनियनचे दाते गुळगुळीत, आणि दोन्हींवर तोच कोरीव क्रमांक. म्हणजे मूळची जोडी!

बेअरिंगं नवी घातली, जुन्या-नव्यांची जाडी मायक्रोमीटरनं मोजून तेवढाच फरक शिममध्ये केला, आणि पिनियनची खोली होती तिथेच ठेवली. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून बसलेले दाते नव्या पुस्तकी खोलीवर नेले तर शांत जोडीही ओरडायला लागते. तेल हायपॉइडसाठीचं ईपी-९०, इंजिनचं उरलेलं नव्हे. दुसऱ्या अॅक्सलचा सौदा मालकांनी मोडला.

गाडी आता जानापाव उतरताना गप्प असते. ट्रान्सफर केस गुणगुणते, तशीच राहू दिली आहे. दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं ध्वनिमुद्रण, जोडीचा क्रमांक, दात्यांची संख्या आणि मोजमापं मंडळाच्या नोंदवहीत दिली आहेत. तुमच्या गावात अशी गाडी असेल तर मालकांच्या परवानगीनं एवढ्या चार गोष्टी कळवा. ४३ ऐवजी ३९ भरले तर आधी कळवा.