मन रमते का?

लातूर, पुणे किंवा कोटा येथे प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी राहणारी असंख्य मुले रोज रात्री घरी फोन करतात. जेवण झाले का, चाचणीत किती गुण पडले, पैसे पुरतात का, या तीन प्रश्नांत बहुधा संभाषण आटोपते. ‘मन रमते का?’ हा चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारला गेलाच, तर ‘सगळे ठीक आहे’ हे उत्तर ठरलेले असते.

या उत्तरामागे काय दडलेले असू शकते, याची कल्पना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालावरून येते. २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या; त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. युनिसेफने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २१ देशांच्या पाहणीत सरासरी ८३ टक्के तरुणांनी मानसिक त्रासात इतरांची मदत घेणे चांगले, असे मत नोंदविले. भारतात हे प्रमाण अवघे ४१ टक्के होते.

मुले गप्प राहतात, याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. बोलण्याची किंमत त्यांनी मनोमन मोजलेली असते. शिकवणीचे शुल्क भरण्यासाठी वडिलांनी कर्ज काढले आहे, हे त्यांना ठाऊक असते. नातेवाइकांत कुजबुज होईल, पुढे स्थळे येताना हीच गोष्ट निघेल, महाविद्यालयात ‘कमकुवत’ असा शिक्का बसेल, ही भीती असते. दहावीच्या गुणगौरव समारंभात ज्याच्या गळ्यात हार पडला, त्याला तर ‘आता जमत नाही’ हे शब्द उच्चारणे अधिकच जड जाते.

मग दुःख शरीराची भाषा बोलू लागते. डोके दुखते, पोटात गोळा येतो, झोप लागत नाही, भूक मंदावते. या तक्रारी सांगताना संकोच वाटत नाही. घरचे लोक चष्म्याचा नंबर तपासतात, पित्तावर औषध देतात. शारीरिक तपासणी आवश्यकच आहे. परंतु तपासणीत काही आढळले नाही म्हणून ‘उगाच नखरे करतो’ असा निष्कर्ष काढला गेला, की बोलण्याची उरलीसुरली वाटही बंद होते.

मायेने दिलेली उत्तरेही कधीकधी दार लावून घेतात. ‘तुला कशाची कमी आहे?’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘आमच्या वेळी तर एवढेही नव्हते’. हेतू धीर देण्याचा असतो. मुलाला मात्र एवढेच ऐकू येते, की आपले दुःख येथे मान्य नाही.

कायद्याने आणि शासनाने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बजावले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते. तथापि समुपदेशकाच्या खोलीबाहेर थांबलेल्या विद्यार्थ्याकडे वर्गमित्र कुत्सित नजरेने पाहत असतील, तर त्या खोलीचा उंबरठा ओलांडण्याचे धैर्य फार थोड्यांनाच होईल.

म्हणूनच आरंभ घरातून व्हावयास हवा. गुणांचा विषय न काढता आठवड्यातून एकदा तरी मुलाशी निवांत बोलावे. तो बोलू लागला, की मध्ये उपदेश करू नये. त्याने सांगितलेली गोष्ट त्याला न विचारता काका-मामांपर्यंत नेऊ नये. एकदा फुटलेला शब्द पुन्हा विश्वासाने मागता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, मित्रांपासून दुरावा दिसला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे शब्द कानी पडले, तर दोन आठवडेही थांबू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी.

एक वर्ष वाया गेले तरी चालेल, शाखा बदलली तरी चालेल, हे मुलाला निकालानंतर समजून उपयोग नाही. ते त्याला गावाहून निघतानाच, आई-वडिलांच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत ऐकावयास मिळाले पाहिजे.