काळा कातळ आणि हवेचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुका बालाघाटाच्या पठारावर वसला आहे. या पट्ट्यात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली कातळ. कातळात कुठे बारीक पोकळ्या दिसतात, कुठे त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात, तर कुठे दोन कातळांच्या मध्ये तांबडा थर निघतो. विहीर खणणाऱ्याला या खुणा पाण्यासाठी महत्त्वाच्या वाटतात. पृथ्वीच्या वातावरणाच्या अभ्यासकाला त्यांत हवेच्या रसायनाचा इतिहास दिसतो. या कातळाने एकेकाळी हवेत प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड सोडला आणि पुढे त्यानेच हवेतून तो परत ओढून घेतला. ही देवघेव नीट तपासली, तर आजच्या हवामानबदलाचा खरा प्रश्न वायूच्या प्रमाणाइतकाच वेगाचाही आहे हे ध्यानात येते.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरांवर थर साचले; तोच हा काळा कातळ. आज उरलेले त्याचे क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते आणि पूर्वेकडे ती कमी होते. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला 617 मीटर खोल बोअर घेण्यात आले, तेव्हा सुमारे 338 मीटरवर लाव्ह्याचे थर संपले. त्यांच्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा पायाचा खडक लागला. तो खडक घडला तेव्हा पृथ्वीच्या हवेत मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. सुमारे 2.4 अब्ज वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन हवेत टिकू लागला. विहिरीतला तांबडा थर ही त्याच ऑक्सिजनची खूण आहे. दोन उद्रेकांमधल्या उसंतीत लाव्ह्याचा पृष्ठभाग हवा-पाण्याने कुजला, त्यातले लोह ऑक्सिजनशी संयोग पावून लाल झाले आणि पुढच्या लाव्ह्याने तो थर झाकला.

याच तांबड्या थरांनी उद्रेकाचे घड्याळ लावायला मदत केली. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांचे निष्कर्ष आले. एका गटाने तांबड्या थरांतील झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून वय काढले, दुसऱ्याने लाव्ह्यातील आर्गॉनवरून. दोघांच्या मते हा उद्रेक दहा लाख वर्षांच्या आतबाहेर चालला. आता साधा हिशेब करू. एक घन किलोमीटर लाव्ह्याचे वजन सुमारे 270 कोटी टन भरते. त्याच्या अर्धा टक्का वायू धरला, तर सुमारे 1.4 कोटी टन कार्बन डायऑक्साइड होतो. एकूण लाव्हा दहा लाख घन किलोमीटर आणि कालावधी सात लाख वर्षे मानला, तर सरासरी वर्षाला 2 कोटी टन पडतात. जमिनीखालीच गोठलेल्या शिलारसाचा वायूही मोजावा म्हणून हा आकडा दसपट केला, तरी 20 कोटी टन होतात. उद्रेक सलग नव्हते. झटक्यांच्या काळात वेग याहून बराच जास्त असणार, हे मान्य. पण आज माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि तोही दरवर्षी, उसंत न घेता.

आता परतफेडीकडे वळू. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते. ते या काळ्या कातळातील, म्हणजे बेसॉल्टमधील, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवते, वायूचे बायकार्बोनेट होते आणि ते नदीवाटे समुद्राला मिळते. तिथे चुनखडी तयार होताना निम्मा वायू परत सुटतो, उरलेला निम्मा दगडात अडकतो. वाशी तालुक्यातील तेरखेड्याजवळ उगम पावणारी तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. भांड्याच्या तळाशी बसणारा विहिरीच्या पाण्याचा पांढरा क्षार हा याच रसायनाचा पुरावा आहे. सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये नर्मदा, तापी, वैनगंगा यांच्या पाण्यावरून दख्खनच्या झिजेचा वेग काढला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये कृष्णेच्या खोऱ्यासाठी असाच अभ्यास प्रसिद्ध केला. बेसॉल्ट जगाच्या जमिनीचा जेमतेम 5 टक्के भाग व्यापतो, पण सिलिकेट खडकांच्या झिजेतून शोषल्या जाणाऱ्या वायूत त्याचा वाटा 30 टक्क्यांच्या आसपास आहे. डेनिस केंट आणि जोव्हानी मुत्तोनी यांनी 2008 मध्ये असे मांडले की, भारतीय भूखंड सरकत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात आला, तेव्हा दख्खनचा कातळ वेगाने झिजला आणि गेल्या 5 कोटी वर्षांत पृथ्वी थंड होण्यास त्याने हातभार लावला.

इथे पहिला आक्षेप येतो. निसर्गाने एकदा हिशेब मिटवला, तर पुन्हा मिटवेल, मग चिंता कशाला? उत्तर वेगात आहे. जगातील सर्व सिलिकेट खडक मिळून वर्षाला सुमारे 38 कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषतात. म्हणजे आपण सोडतो त्याचा शंभरावा हिस्सा. दुसरा आक्षेप असा की, पूर्वी हवेत हा वायू आजच्याहून जास्त होता आणि जीवसृष्टी तरीही बहरली. तेही खरे. पण तेव्हा शेती नव्हती, किनाऱ्यावर शहरे नव्हती आणि बदलाला लाखो वर्षे मिळत होती. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे 280 भाग होते. 1958 मध्ये हवाईतील मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे 315 होते, आता ते 420च्या पुढे गेले आहेत. गोव्यात काबो द रामा येथे 1993 पासून नमुने घेतले गेले, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून सिंहगडावर मोजणी केली. म्हणजे सिंहगडावर तर दख्खनच्याच कातळावर उभे राहून हा बदल मोजला गेला आहे.

तिसरा आक्षेप आशावादी आहे. बेसॉल्ट दळून शेतात पसरला तर झीज वेगाने होईल. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. भारतात हेच काम करणाऱ्या ‘माटी कार्बन’ला 2025 मध्ये कार्बन शोषणाचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र दगड दळायला आणि वाहायला ऊर्जा लागते, आणि चुनखडीयुक्त, अल्कधर्मी काळ्या जमिनीत बेसॉल्ट आम्लधर्मी जमिनीपेक्षा सावकाश विरघळतो. हा उपाय जोडीला ठीक आहे. उत्सर्जन कमी करण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

दिवाळीत आपण हवेचा विचार करतो तो धुरामुळे. तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. सोरा, गंधक आणि कोळसा जळून होणारा धूर घशाला झोंबतो, म्हणून त्याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण गंधकाचा धूर काही दिवसांत हवेतून उतरतो, तर दिसत नसलेल्या, वास नसलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके टिकतो आणि काही भाग हजारो वर्षे. वाशीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने यात भर घातली ती नगण्य, पण लहरी पावसाचा फटका त्यालाच आधी बसतो. म्हणून जळण कमी करण्याची पहिली जबाबदारी ज्यांनी सर्वाधिक जाळले त्यांची आहे. वाशी-भूमच्या माळांवरच्या पवनचक्क्यांचे महत्त्वही याच हिशेबात आहे, मात्र ज्यांच्या जमिनीवर त्या उभ्या राहतात त्यांना न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे. कातळ आपले काम करत राहील, पण त्याची मुदत लाखो वर्षांची आहे. पिढ्यांच्या मुदतीत काम करायचे असेल, तर जळणच कमी करावे लागेल.