दहा हिवाळे आणि गुरुवारची सुट्टी

हिवाळ्यात पिंपरी-चिंचवडला आलेल्या पाहुण्यानं ‘इथे पाहण्यासारखं काय आहे’ असं विचारलं, तर दहा वर्षांपूर्वीपर्यंत उत्तर ठरलेलं असे: पुण्याला जा. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, जानेवारीत चित्रपट महोत्सव, पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, नाटकाला बालगंधर्व. आपल्याकडे काय, तर कारखाने; आणि देवदर्शन करायचं असेल तर आळंदी-देहू. आज तोच पाहुणा आला तर शहराची हद्द न ओलांडता त्याचे दोन दिवस मजेत जातील. हे कसं घडलं आणि यात कोण मागे राहिलं, याचा हिशेब मांडायला २०१६ ते २०२५ हे दहा हिवाळे पुरेसे आहेत.

सुरुवात साहित्य संमेलनापासून करावी लागते. १५ ते १८ जानेवारी २०१६ या दिवसांत ८९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरलं. अध्यक्ष श्रीपाल सबनीस, यजमान डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ आणि जागा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं (एचए) मैदान. संमेलनाआधीचा वाद तेव्हा वर्तमानपत्रांनी मनसोक्त चघळला. त्यात आता शिरण्यात अर्थ नाही. लक्षात राहावी ती जागा. १९५४ साली उभा राहिलेला एचए हा पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना. त्याच्या पाठोपाठ इतर कारखाने आले आणि पिंपरीची उद्योगनगरी झाली. संमेलनाचा मांडव पडला तेव्हा कंपनी डबघाईला आली होती, कामगारांचे पगार रखडत होते. ज्या कारखान्यानं खेड्याचं शहर केलं, त्याच्याच मैदानात मराठी साहित्य चार दिवस मुक्कामाला आलं. व्यासपीठावरची भाषणं आता कुणाला आठवत नसतील, पण पुस्तकांच्या गाळ्यांवरची गर्दी आठवते. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी न जाता थेट मांडवात आलेले, खिशावर कंपनीचं नाव असलेले कामगार त्या गर्दीत होते. पुस्तक उलटंपालटं करून, मागची किंमत बघून, दोनदा खाली ठेवून तिसऱ्यांदा घेणारे.

संमेलन शुक्रवारी सुरू झालं आणि सोमवारी संपलं. बाहेरच्या माणसाला यात वावगं काही दिसणार नाही. पण भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षं अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. महावितरणची दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच निघते. त्यामुळे संमेलनाचे चारही दिवस या कामगारांना कामाचे होते. जे आले ते शिफ्टच्या आधी किंवा नंतर आले, नाहीतर रजा टाकून.

२०१६ च्या आधी इथे काहीच नव्हतं, असं मात्र समजू नये. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी लेथवर दिवसभर उभी राहिलेली माणसं रात्री तालमीला उभी राहत. टेल्कोतल्या कामगारांचं ‘कलासागर’ होतं. संत तुकारामनगरात आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह होतं. फरक इतकाच की त्या काळी कला करणारा आणि पाहणारा, दोघांचा वार एक होता. तालीम कधी ठेवायची हे शिफ्ट बघून ठरायचं. शहर वाढलं, हिंजवडीच्या आयटीवाल्यांनी वाकड आणि पिंपळे सौदागर भरलं, आणि शनिवार-रविवार हाच सगळ्यांच्या सुट्टीचा वार असं आयोजक गृहीत धरू लागले.

खाण्याच्या बाबतीत या दहा वर्षांचं सगळं श्रेय पवनाथडी जत्रेला द्यावं लागेल. महापालिका बचत गटांच्या महिलांसाठी ही जत्रा भरवते. सांगवीचं पीडब्ल्यूडी मैदान ही तिची ओळखीची जागा. पुण्यात भीमथडी, आपल्याकडे पवनाथडी. पण पवनाथडीचं ताट वेगळं, कारण या शहरात महाराष्ट्राचा प्रत्येक जिल्हा भाड्याच्या खोलीत राहून गेलेला आहे. एका रांगेत जुन्नर-खेडकडची मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा, शेजारी खानदेशातलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, पुढे सोलापूरची शेंगाचटणी, पलीकडे कोकणातली बाई उकडीचे मोदक वळत बसलेली.

गर्दी सगळ्यात जास्त असते ती मांड्यांपुढे. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरलं जातं, लाटणं बाजूलाच राहतं. बाई बांगड्या कोपराकडे सरकवते, गोळा दोन्ही तळव्यांवर झेलते आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरवत मोठा करत नेते. पोळी मनगट ओलांडते, कोपरापर्यंत येते, आता फाटेल असं वाटतं. तेवढ्यात हात पुढे करून ती पालथ्या खापरावर अलगद पसरते. खाली जाळ, वर कागदासारखा पातळ मांडा. समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्यांकडे ती मान वर करून बघतही नाही. तिचं लक्ष कडा कुठे चिकटतेय तिकडे. घडी घातलेला मांडा, वर तुपाची धार आणि वाटीत दूध. जळगाव-धुळ्याहून नोकरीसाठी आलेल्या माणसाला हा घास खाताना कुणी सणाची आठवण करून द्यावी लागत नाही.

२०२० नं सगळं थांबवलं. ज्या ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शनं भरत, तिथे कोविड रुग्णालय सुरू झालं. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जंबो रुग्णालय उभं राहिलं. नाट्यगृहांना कुलपं लागली. त्या दोन हिवाळ्यांबद्दल लिहिण्यासारखं याहून जास्त नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती मेट्रोनं. ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी एवढीच धाव होती. लोक कामासाठी कमी आणि हौसेनं जास्त बसले. १ ऑगस्ट २०२३ ला गाडी शिवाजीनगर न्यायालयापर्यंत गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत. याचा अर्थ डिसेंबरात कळला. राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव फर्ग्युसनच्या मैदानावर पहिल्यांदा भरला तो १६ ते २४ डिसेंबर २०२३ या दिवसांत. पिंपरीत गाडीत बसायचं, शिवाजीनगरला उतरायचं, पुढे चालत फर्ग्युसन. पुढच्या वर्षी सवाईसाठी मुकुंदनगरला जायचं तर स्वारगेटला उतरून जवळच. दापोडीचा पूल, बोपोडीची कोंडी, रात्री परतीच्या रिक्षावाल्याशी हुज्जत, हे सगळं टळलं. पुण्याला जाणं सोपं झालं, तसं पुण्याहून इकडे येणंही सोपं झालं, हे मात्र आपल्याला जरा उशिरा सुचलं.

ते सुचवलं शंभराव्या नाट्यसंमेलनानं. डॉ. जब्बार पटेल अध्यक्ष असलेलं हे संमेलन खरं तर २०२० च्या मार्चमध्ये सांगलीला सुरू व्हायचं; साथीमुळे राहिलं आणि फिरत फिरत आपल्याकडे आलं. ६ आणि ७ जानेवारी २०२४ ला चिंचवडमध्ये मोरया गोसावी क्रीडा संकुलाच्या मैदानावर मुख्य मंडप होता. पुण्याची नाटकवाली मंडळी त्या दोन दिवसांत चिंचवडला आली आणि ‘लांब पडतं’ ही तक्रार करायची विसरली. त्याआधी आणि नंतरही स्वरसागर महोत्सव, निगडी प्राधिकरणातलं ग. दि. माडगूळकर नाट्यगृह, चिंचवडचा छोटेखानी पैस रंगमंच अशा ठिकाणी आपापल्या परीनं काही ना काही चालू होतं. पण ६ आणि ७ जानेवारी म्हणजे शनिवार आणि रविवार. म्हणजे पुन्हा तेच. रंगमंच कामगारांच्या शहरात आणि कामगार मशीनवर.

चाकणला तर हे सुद्धा मिळालं नाही. औरंगजेबाचा मामा शायिस्तेखान १६६० साली ज्या संग्रामदुर्गापुढे जवळपास दोन महिने अडकून पडला, तो फिरंगोजी नरसाळ्यांचा किल्ला याच गावात. शनिवारचा कांद्याचा बाजार याच गावात. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज याच पंचक्रोशीत. पण नाटक बघायचं तर नाशिक रस्त्याची कोंडी फोडून भोसरी गाठायची. मेट्रो अजून तिथे पोहोचलेली नाही. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुलं आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेली आयटीआयची पोरं सुट्टीच्या दिवशी काय करतात, हे गेल्या दहा वर्षांत कुठल्याही महोत्सव समितीनं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि तरीही या पट्ट्यात कामगाराला सोबत घेणारे हिवाळी सोहळे आहेत. ते तिथीवर चालतात, म्हणून त्यांचा वार दरवर्षी फिरता असतो. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानदेवांचा संजीवन समाधी सोहळा असतो. २०२४ मध्ये ही तिथी २८ नोव्हेंबरला आली आणि तो नेमका गुरुवार होता. आळंदीच्या रस्त्यावर त्या दिवसांत जी पुस्तकं खपतात, त्यांची गणती कुठल्याच पुस्तक महोत्सवाच्या आकड्यांत होत नाही: सार्थ ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, खिशात मावणारा हरिपाठ. मार्गशीर्षात चिंचवडला मोरया गोसावींचा संजीवन समाधी महोत्सव. तिथे गाणं, व्याख्यान, कीर्तन आणि महाप्रसाद एकाच आवारात. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावर गाथेचं पारायण, कीर्तनं आणि पंगती. तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला तो हाच दिवस, आणि तेव्हा वार गुरुवार होता हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. देहूच्या गाथा मंदिरात संगमरवरावर कोरलेले अभंग म्हणजे तर उभ्यानं वाचायचं पुस्तक. त्याची पानं चालत उलटायची. खाणं, कला आणि वाचन यांची सांगड घालणारा महोत्सव शोधायला आपण पुण्याला जात होतो, तेव्हा आपल्या हद्दीला लागून तो शेकडो वर्षं भरत होता.

दहा वर्षांचा ताळेबंद मांडायचा तर जमेच्या बाजूला बरंच आहे. दोन अखिल भारतीय संमेलनं झाली, पवनाथडीनं बचत गटांच्या बायकांना गिऱ्हाईक दिलं, मेट्रोनं पुणं जवळ आणलं, नाट्यगृहं वाढली. खर्चाच्या बाजूला एकच मोठी रक्कम आहे: हे सगळं ज्यांच्या श्रमावर उभं राहिलं, त्यांच्या सुट्टीचा वार आपण विचारात घेतला नाही. नऊ दिवस चालणाऱ्या पुस्तक महोत्सवात एक गुरुवार आपोआप सापडतो, म्हणून तिथे आपल्याकडचे कामगार जाऊ शकतात. दोन दिवसांच्या कार्यक्रमात तो कधीच सापडत नाही.

उपाय खर्चिक नाही. महापालिकेनं पवनाथडीच्या तारखा ठरवताना त्यात एक गुरुवार येईल एवढं पाहावं. त्या दिवशी चाकण आणि भोसरीहून पीएमपीच्या जादा गाड्या सोडाव्यात. नाट्यगृहांनी हिवाळ्यात महिन्यातून एक प्रयोग गुरुवारी दुपारी, कमी तिकिटात लावावा. ग्रंथालयांनी त्या दिवशी रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवावं. कारखान्यांच्या सूचनाफलकावर कार्यक्रमाचा एक कागद लागावा, मराठीत आणि हिंदीतही.

आणि ज्यांची सुट्टी गुरुवारीच असते, त्यांनी कुणाची वाट बघत बसू नये. सकाळी देहूचं गाथा मंदिर, तिथून भंडारा डोंगर, दुपारी चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीवर, संध्याकाळी जवळच्या नाट्यगृहाच्या फलकावर एक नजर. आणि खिडकीवरच्या माणसाला एवढं जरूर विचारा: गुरुवारी प्रयोग का नसतो? दहा जणांनी विचारलं तर तो हसेल, पण शंभर जणांनी विचारलं तर तारीख द्यावी लागेल.